पाचशे रुपयांत पाच जणांचा रविवार

डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं: मिस्टर फोर्टमध्ये नोकरीला, मुलगा दहा वर्षांचा, मुलगी सहाची, घरी सासूबाई आहेत, अडुसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखतात. गेल्या महिन्यात सगळे मॉलमध्ये गेले तर गेम झोन, पिझ्झा आणि रिक्षा मिळून अडीच हजार गेले, आणि घरी येताना मुलं भांडत होती ती भांडतच होती. नणंदेची मुलं सुट्टी लागली की रिसॉर्टला जातात, ते फोटो बघून मुलगा विचारतो आपण कधी जायचं. मिस्टरांचं म्हणणं, आठवड्यात एकच रविवार मिळतो, झोपू दे. ताईंनी विचारलंय की पाचशे रुपयांत सगळ्यांचा दिवस निघेल अशा जागा सांगा, आणि शेवटी एक ओळ लिहिलीय, "स्वस्तातलं दाखवलं तर मुलांना कमीपणा वाटेल का?"

ताई, त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण पूर्ण पत्रात तीच जास्त लागली मनाला. मुलांना जागेचा दर आपोआप कळत नाही हो, तो आपल्या तोंडून कळतो. "रिसॉर्ट परवडत नाही म्हणून राणीबागेत चाललोय" असं घरात एकदा जरी बोललं गेलं ना, तर मग वाघ अगदी काचेपाशी येऊन उभा राहिला तरी मुलाच्या डोक्यात तो न परवडण्यातला वाघ असतो. तेच "रविवारी पेंग्विन बघायला जायचंय, शनिवारी लवकर झोपा" म्हटलं की विषय संपला. खोटं बोला असं म्हणत नाहीये मी. दहा वर्षांच्या मुलाला घराचं महिन्याचं बजेट असतं हे सरळ सांगावं, सांगायलाच हवं, फक्त ते जायच्या दिवशी नको आणि नणंदेच्या फोटोंना जोडून तर अजिबातच नको.

आता ते अडीच हजार. कशात गेले ते जरा परत आठवून बघा. बाहेर पडल्यावर पैसा जातो तो भूक लागल्यावर आणि पाय दुखायला लागल्यावर. सकाळी राणीबाग, दुपारी सायन्स सेंटर, संध्याकाळी चौपाटी असा बेत केला की तीन वाजता धाकटी रडायला लागते, मग टॅक्सी, मग थंड काहीतरी, मग "इथेच जेवू आता" आणि बजेट गेलं. म्हणून माझा पहिला आणि खरं तर एकच आग्रह आहे, एका रविवारी एकच जागा, आणि तीसुद्धा सगळी बघून संपवायची नाही. अर्धी राहिली तर राहू दे, परत जाता येतं, तुमची लोकल तिथेच जाते रोज.

पहिला रविवार राणीबाग करा, म्हणजे भायखळ्याचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. फास्ट लोकल भायखळ्याला थांबते, पूर्वेला उतरून दहा-एक मिनिटं चालायचं, रिक्षा-टॅक्सीची भानगड नाही. आई-वडील आणि दोन लहान मुलं मिळून शंभर रुपयांचं फॅमिली तिकीट असतं. सासूबाईंचं आधार कार्ड जवळ ठेवा, ज्येष्ठांच्या सवलतीला लागतं. दर अधूनमधून बदलतात म्हणून निघायच्या आधी महापालिकेच्या साइटवर एकदा बघा, तिकीटही ऑनलाइन मिळतं आणि ते घ्याच, कारण सुट्टीच्या दिवशी खिडकीवरची रांग पाहूनच अर्धा उत्साह जातो. बुधवारी बाग बंद असते, हे तुमच्या रविवारला लागू नाही पण मे महिन्यात मधल्या वारी जायचं ठरवाल तर लक्षात असू द्या.

आत गेल्यावर मुलं पेंग्विनकडे पळणार, पळू दे. २०१६ साली ते सेऊलहून आणले, हम्बोल्ट जातीचे, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे गर्दी पुढे पुढे सरकवत नेते, दोन मिनिटांत बाहेर. त्यामानाने पक्ष्यांचं जे मोठं जाळीचं दालन आहे, ज्याच्या आतून आपण चालत जातो, तिथे निवांत थांबता येतं, पक्षी डोक्यावरून जातात. मुलांना तिथे उभं करा आणि घाई करू नका. आणि एक विनंती, प्राण्यांना काही खायला टाकू नका, शेजारचा कोणी टाकत असेल तर मुलालाच सांगू दे त्या काकांना, मुलांनी सांगितलं की लोक ऐकतात.

राणीबागेत लोक प्राणी बघून परत जातात आणि झाडं तशीच राहून जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. ही बाग १८६० च्या दशकातली आहे, आधी वनस्पती उद्यान आणि मग प्राणिसंग्रहालय. गोरखचिंच बघा, आफ्रिकेतलं झाड, बुंधा एवढा की तुम्ही पाचही जण हात धरून उभे राहिलात तरी पुरणार नाही असं वाटतं. कैलासपती बघा, त्याची फुलं आणि तोफगोळ्यासारखी फळं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर लटकलेली असतात, मुलांना हे सांगायच्या आधी विचारा की या झाडात वेगळं काय दिसतंय, ते शोधतात. उर्वशीचं झाडही आहे, फुलं आली असतील तर नशीब, लाल-पिवळे घोस खाली लोंबत असतात. सासूबाईंना झाडांची हौस असेल तर त्यांना हा भाग फार आवडेल, शिवाय बाकं आहेत, त्या एका सावलीत बसल्या आणि तुम्ही मुलांना फिरवून परत आलात तरी चालतं.

आणि त्याच आवारात, बागेच्या दाराशीच, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. मुंबईचं सगळ्यात जुनं संग्रहालय, १८७२ मध्ये उघडलं, तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, १९७५ पासून भाऊ दाजींचं नाव आहे. मधे दुरुस्तीसाठी बरीच वर्षं बंद होतं, २०२५ च्या सुरुवातीला परत सुरू झालंय. तिकीट अगदी किरकोळ. पण ताई, बाग आणि हे संग्रहालय दोन्ही एकाच दिवशी पूर्ण करायला जाऊ नका. पहिल्या वेळी फक्त बाहेरचा दगडी हत्ती बघा.

तो हत्ती कोणाच्या लक्षातच येत नाही, काळा दगड, बाजूने लोक सेल्फी काढत जातात. मुलांना त्याच्याजवळ नेऊन उभं करा आणि अंगावरचे जोड बघायला सांगा. हा हत्ती मूळ घारापुरीचा. पोर्तुगीज बोटीतून आले तेव्हा बेटावर हाच दिसला म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. १८६४ च्या सुमाराला इंग्रजांनी तो उचलून इंग्लंडला न्यायचं ठरवलं, क्रेनने उचलताना हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. मग ते तुकडे इथे आणून जोडले. म्हणजे जी वस्तू चोरीला जाता जाता तुटली आणि म्हणून राहिली ती आपल्यासमोर उभी आहे. दहा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगितली की त्याला हत्तीचा प्रत्येक जोड मोजायचा असतो. घारापुरीची बोट पाच जणांना महाग पडते, पण घारापुरीचा हत्ती बघायला बोट लागत नाही.

तिथेच आणखी एक घोडा आहे, काळा, त्यावर सातवा एडवर्ड राजा बसलेला. हाच खरा काळा घोडा. फोर्टमधल्या चौकात होता, १९६५ मध्ये तिथून हलवला आणि पुढे राणीबागेत आणला. चौकाचं नाव मात्र काळा घोडाच राहिलं आणि आता २०१७ पासून तिथे दुसरा घोडा उभा आहे, स्वाराशिवाय. मुलांना म्हणायचं, जुना बघितला ना, आता पुढच्या वेळी बाबांच्या ऑफिसकडे नवीन बघायला जाऊ.

आणि इथे मिस्टरांचा प्रश्न सुटतो बघा. त्यांचं खरं आहे, सहा दिवस डोंबिवलीहून फोर्टपर्यंत लटकत जाणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी परत लोकलमध्ये चढ म्हणणं जिवावर येतं. म्हणून दर रविवारी ओढू नका. महिन्यातले दोन रविवार त्यांना झोपू द्या, मनापासून झोपू द्या, टोमणा न मारता. पण एका रविवारी त्यांना म्हणा की मुलांना तुमचं ऑफिस कुठाय ते दाखवा. इमारत बाहेरूनच दाखवायची, तुम्ही चहा कुठे पिता, कुठल्या टपरीवर वडापाव खाता, पावसात कुठे अडकला होतात, सगळं. मुलांनी बाबांना फक्त सकाळी पळताना आणि रात्री दमून आलेलं बघितलेलं असतं, त्यांच्या दिवसातलं मधलं काही माहीतच नसतं. त्या दिवशी गाइड तेच, तुम्ही मागे राहा. शिवाय त्यांचा पास रविवारीही चालतो, त्यामुळे त्यांचं तिकीट लागत नाही.

फोर्ट रविवारी वेगळंच असतं. रोजची गर्दी नाही, फुटपाथ मोकळे, मुलांचा हात सोडला तरी धाकधूक नाही. सीएसएमटीला उतरलात की पहिली दहा मिनिटं स्टेशनच बघा बाहेरून, दगडातली माकडं, मोर, पानं शोधायला लावा, याला तिकीट नाही. मग सर फिरोजशहा मेहता रोडवर रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, अमर बिल्डिंगमध्ये, २००४ मध्ये अब्दुल कलामांच्या हस्ते उद्घाटन झालं त्याचं. सोमवारी आणि बँकेच्या सुट्टीला बंद, ओळखपत्र बरोबर ठेवा. जुनी नाणी, हुंड्या म्हणजे व्यापाऱ्यांच्या पैशाच्या चिठ्ठ्या, वेगवेगळ्या काळातल्या नोटा, खरी नोट ओळखायची कशी हे सगळं मांडलेलं आहे, आणि आत एसी आहे, सासूबाईंना बरं वाटेल. मुलांना एक काम द्या, जाताना प्रत्येकाच्या हातात घरातलं एक नाणं द्या आणि ते कुठल्या साली पाडलंय ते वाचायला सांगा, मग आतली नाणी ती नीट बघतात, नुसती काचेवरून नजर फिरवत पुढे जात नाहीत.

तिथून काळा घोडा चालत जाण्यासारखं आहे. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची, प्रवेश कायमच फुकट, साधारण अकरा ते सात. आपल्याकडे लोकांना तिथे शिरायचा उगाच संकोच वाटतो, आपले कपडे, आपली मुलं, आपल्याला चित्रातलं काय कळतं. ताई, बिनधास्त जा. बऱ्याचदा ज्याने चित्र काढलंय तो माणूस स्वतः तिथे खुर्चीवर बसलेला असतो आणि कोणी विचारलं तर त्याला आनंदच होतो. मुलीला सांगा, तुला सगळ्यात आवडलेलं चित्र निवड आणि त्यांना जाऊन विचार हे कसं केलंत. सहा वर्षांची मुलं जे विचारतात ते मोठ्यांना सुचत नाही. आणि जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात याच भागात काळा घोडा महोत्सव असतो, नऊ दिवस, १९९९ पासून चालू आहे, फुकट आहे, पण त्यातला रविवार मात्र टाळा, लहान मुलं आणि दुखरे गुडघे घेऊन त्या गर्दीत शिरू नका, मधल्या वारी जमलं तरच जा.

परत जाताना वेळ असेल तर ओव्हल मैदानाच्या कडेला बसा. रविवारी तिथे एकाच वेळी इतक्या मॅच चालू असतात की एकीचा फील्डर दुसरीच्या पिचपाशी उभा असतो. डबा इथेच काढा.

डब्याचं पण सांगते, कारण पाचशेचं गणित तिथेच जमतं किंवा बिघडतं. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, काकडी, भाजलेले शेंगदाणे, गुळाची पोळी, म्हणजे गार झालं तरी खाता येईल असं. पाण्याच्या घरूनच चार बाटल्या, एकेकाने आपापली उचलायची. आणि दोन्ही मुलांच्या हातात निघतानाच पन्नास-पन्नास रुपये द्या, सांगा की हे तुमचे, फुगा घ्या, कुल्फी घ्या, नाहीतर परत आणा, पण यापुढे मागायचं नाही. "आई हे घेऊन दे" नावाचं जे दिवसभर चालतं ते निम्म्याहून कमी होतं, कारण आता पैसे त्यांचे आहेत आणि ती विचार करतात. लोकलचं म्हणाल तर पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, मिस्टरांचा पास, म्हणजे जाऊन-येऊन शंभराच्या आसपास. मुलांच्या हातचे शंभर, राणीबागेचे शंभर-दीडशे, वर चहा-लिंबू सरबत, पाचशेच्या आत येतं सगळं.

गिरगावकडचाही एक रविवार सांगते, मात्र यात जिने आहेत म्हणून सासूबाईंना विचारून. गावदेवीत लॅबर्नम रोडवर मणिभवन आहे, दादरला वेस्टर्न पकडून ग्रँट रोडला उतरायचं. प्रवेश फुकट. गांधीजी मुंबईत आले की १९१७ ते १९३४ या काळात इथेच उतरायचे, ४ जानेवारी १९३२ ला पहाटे त्यांना याच घराच्या गच्चीवरून पकडून नेलं. मुलाच्या इतिहासाच्या पुस्तकात असहकार आणि सविनय कायदेभंग येणारच आहे, त्यातलं किती डोक्यात राहतं ते आपल्याला माहितीये, पण वर त्यांची खोली आहे तशी ठेवलीय, चरखा, खाली अंथरलेली गादी, आणि बाजूच्या दालनात गांधीजींच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या छोट्या बाहुल्यांनी मांडलेत, काचेच्या पेट्यांमध्ये. धाकटीला तेच आवडेल. तिला प्रसंगाचं नाव वाचून दाखवू नका, तिलाच विचारा की या पेटीत काय चाललंय. नंतर जवळच ऑगस्ट क्रांती मैदान आहे, १९४२ चं "चले जाव" इथलंच, आणि मग उतरत चौपाटी. हँगिंग गार्डन आणि म्हातारीचा बूट वेगळ्या दिवशी, चढ आहे तो.

आता जवळचं. प्रत्येक वेळी मुंबईच कशाला? तुमच्यापासून थोड्याच स्टेशनांवर अंबरनाथ आहे, तिथलं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं, म्हणजे जवळजवळ हजार वर्षांचं, आणि तिकीट नाही. डोंबिवली-कल्याणची कितीतरी माणसं महाशिवरात्रीला त्या गर्दीत जाऊन दर्शन घेऊन येतात पण बाहेरची भिंत कोणी बघत नाही. साध्या दिवशी सकाळी जा. बाहेरून एक प्रदक्षिणा अगदी हळू घाला, भिंतीवरच्या मूर्ती, हत्तींची रांग, झिजलेले चेहरे बघत. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, तेवढ्या सासूबाईंना जमणार नाहीत कदाचित, पण मंडपात बसता येतं. सकाळी आठला निघालात तर बारापर्यंत घरी जेवायला, आणि मिस्टरांची दुपारची झोप शाबूत. महिन्यातून एखादा असा अर्धा दिवस पुरतो.

बाकी जागा पटकन सांगते. मुलाला बस-गाड्यांचं वेड असेल तर आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे, प्रवेश फुकट, ३१ मार्च १९६४ ला मुंबईतली शेवटची ट्राम धावली, त्या ट्रामची, जुन्या बसगाड्यांची मॉडेलं, तिकिटांची यंत्रं तिथे आहेत. सायनजवळ महाराष्ट्र निसर्ग उद्यान, एकेकाळी तिथे शहराचा कचरा टाकायचे, आता सदतीस एकरांचं जंगल उभं आहे, पावसाळा संपता संपता जा, फुलपाखरं असतात. बोरिवलीचं नॅशनल पार्क आणि कान्हेरी सुंदरच आहे, शंभराच्या वर लेणी, पण आधी पार्कचं तिकीट, मग गेटपासून पाच-सहा किलोमीटर आत, मग लेण्यांचं वेगळं तिकीट (पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिथे लागत नाही), आणि खूप चढ, त्यामुळे सासूबाईंशिवाय आणि थंडीतच. नेहरू सायन्स सेंटर चांगलं आहे पण पाच तिकिटं काढली की तुमचं बजेट तिथेच संपतं, म्हणून ते वाढदिवसाला ठेवा.

मध्य रेल्वेवर आहात म्हणजे मेगाब्लॉक, रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद किंवा उशिरा, तो आलाच. रविवारी साधारण अकरा ते चार धरून चाला, नेमकं कुठून कुठपर्यंत ते शनिवारी पेपरात आणि मोबाइलवर येतं, ते बघितल्याशिवाय बेत पक्का करू नका. साडेआठच्या आधीची गाडी पकडायची आणि परतीला पाचनंतर निघायचं, मधे कितीही कंटाळा आला तरी स्टेशनवर जाऊन बसायचं नाही. ट्रेन भरलेली असताना दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन उभं राहण्यापेक्षा तासभर झाडाखाली बसलेलं परवडतं.

तुम्ही ताजा कलम टाकलाय, नणंदेच्या मुलांना बरोबर न्यावं का. न्या की. फक्त नणंदेला आधीच फोन करून सांगा की आम्ही डबा नेतो, प्रत्येक मुलाला हातखर्चाला पन्नास रुपये देतो आणि तुम्हीही तेवढेच द्या. हे आधी ठरलं नाही आणि एका मुलाच्या खिशात पाचशेची नोट निघाली की तुमच्या मुलाचा तिथेच विरस होतो, मग तुम्ही कितीही समजावा. आणि हत्तीची गोष्ट तुम्ही सांगू नका, तुमच्या मुलाला सांगू दे त्यांना, त्यासाठी त्याला एकदा आधी घेऊन जा.